भुदरगड, सामानगड, पारगड : दोन दिवसांची मोटारसफर आणि पडक्या तटांविषयी एक प्रश्न

संध्यामठ

नमस्कार मंडळी. जन्म कोल्हापुरात जाऊनही जिल्ह्याचा दक्षिण भाग मी आजवर गोव्याला जाता-येता मोटारीच्या काचेतूनच पाहिला, हे आधी कबूल करतो. पाहुणे आले की पन्हाळा, जोतिबा आणि फार तर नरसोबाची वाडी, एवढीच आमची धाव. यंदा दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी आई, पत्नी आणि नववीतली मुलगी यांना घेऊन त्या डोंगराळ मुलखात निवांत फिरावे, असे ठरवले आहे. आईचे वय ७१ असून तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ट्रेकिंग करणाऱ्यांचे सल्ले आमच्या फारसे उपयोगाचे नाहीत.

मनात आखलेला मार्ग असा आहे. पहिल्या दिवशी कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा असे करत गारगोटी गाठायची, भुदरगड पाहायचा आणि उत्तूरवरून गडहिंग्लजला मुक्कामाला जायचे. दुसऱ्या दिवशी सामानगड, नेसरीची खिंड, चंदगड आणि पारगड करून आजऱ्यावरून परत यायचे. हे दोन दिवसांत बसते का आणि मोटार नेमकी कुठवर जाते, हे जाणकारांनी सांगावे.

एक प्रश्न मात्र वेगळा आहे. गेल्या वर्षी मित्रांबरोबर पावसात भुदरगडावर गेलो होतो. वर भैरवनाथाचे मंदिर नांदते आहे, तळे भरलेले आहे, पण तट आणि बुरूज जागोजागी असे उघडे पडले आहेत, की पाऊस आणि झाडांची मुळे यांनी एवढी पडझड केली असेल हे मनाला पटत नाही. त्याच डोंगरावरच्या, त्याच पावसातल्या देवळाला काही होत नाही आणि कित्येक हात जाडीचा तट मात्र ढासळतो, हे कसे?

हिरण्यकेशी

मी गडहिंग्लजची. दादा, बेत चांगला आहे, पण दोन दुरुस्त्या सुचवते.

पहिली म्हणजे निघण्यापूर्वी दिनदर्शिका पाहा. मुदाळ तिट्ट्याजवळ आदमापूरला बाळूमामांचे देवस्थान आहे आणि अमावास्येला त्या रस्त्यावर माणसांचा आणि गाड्यांचा जो लोंढा असतो, त्यात सापडलात तर भुदरगडाचे दर्शन दुपारच्या उन्हातच होईल. रविवारीही गर्दी असते. तुम्ही शनिवारी निघणार आहात, तेवढे बरे आहे.

दुसरी दुरुस्ती सामानगडाची. तो सकाळी पाहू नका, पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाहा. गड गडहिंग्लजपासून जवळ आहे, मोटार थेट माथ्यावर जाते आणि माथा बराचसा सपाट असल्यामुळे आईंना चालायलाही त्रास होणार नाही. तिथल्या जांभ्या दगडावर उतरते ऊन पडले की सगळा तट गेरू फासल्यासारखा लाल दिसतो. शिवाय सामानगड शनिवारीच उरकला, तर पारगडासाठी अख्खा रविवार हाती राहील आणि तो लागतोच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्यांशिवाय उभे असतात. सूर्यास्तानंतर या भागात मोटार चालवायची वेळ स्वतःवर आणू नका.

निवृत्त चालक

हिरण्यकेशीताईंच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. लाल गाडीवर मी बरीच वर्षे या भागात काढली. काळजी मोठ्या घाटांची नको, कारण तिथे माणूस आपोआप सावध असतो. अपघात होतात ते नेसरीपुढच्या आणि चंदगडपुढच्या लहान चढ-उतारांवर, कारण रस्ता सरळ दिसतो आणि वळणापलीकडून गुरे किंवा गवा अचानक समोर येतो. आजरा-चंदगड पट्ट्यात रानहत्तींचाही वावर आहे. वाटेत हत्ती दिसला तर फोटोसाठी खाली उतरू नये, भोंगा वाजवू नये आणि मोटार मागे घेता येईल एवढे अंतर ठेवून थांबावे.

उताराला ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. अरुंद रस्त्यावर समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचे असते, हा नियम आता मोटारी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना कुणी शिकवलेला दिसत नाही. इंधनाची टाकी गडहिंग्लजलाच भरा. परतताना वाट चुकून तिलारीच्या घाटात उतरू नका. त्याचा उतार आणि त्याची वळणे नवख्या माणसासाठी नाहीत.

मोडीवाचक

संध्यामठ यांच्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आवडेल, कारण तो प्रश्न फार थोडे लोक विचारतात. भुदरगडाचा तट पावसाने पडलेला नाही. तो पाडला गेला आणि पाडण्याचे वर्ष १८४४ आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. हे बहुतेक किल्ले मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळाशी जोडले जातात, म्हणजे बाराव्या शतकाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ. शिवकाळात त्यांची डागडुजी झाली आणि पुढे ते करवीर राज्याकडे आले. प्रत्येक गडावर वंशपरंपरेने राखण करणारे गडकरी होते. त्यांना रोख पगारापेक्षा गडाभोवतालच्या जमिनी चाकरीबद्दल लावून दिलेल्या असत. म्हणजे गड, गडाखालचे गाव आणि गावाची शेती हा सगळा एकाच कुटुंबकबिल्याचा संसार होता.

१८३८ मध्ये छत्रपती बुवासाहेब निवर्तले आणि गादीवर अल्पवयीन राजपुत्र आले. राज्यकारभारात इंग्रजांचा हात शिरला आणि त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. महसुलाची शिस्त लावण्याच्या नावाखाली गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था त्यांच्या हातून काढून सरकारी अंमलदारांकडे देण्याचे ठरले. कागदावर ही एक साधी फेररचना होती, पण गडावरच्या माणसाला तिचा अर्थ लगेच कळला. आज जमीन गेली, उद्या गड जाणार. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि भुदरगडाने त्यांच्यामागोमाग तेच केले.

बंड मोडायला बेळगावहून इंग्रजी फौज आली. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला आणि त्यानंतर भुदरगडही गेला. तिकडे बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यालाच पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते, त्यामुळे फौज तिकडे वळली आणि डिसेंबरच्या आरंभी तोफा डागून पन्हाळाही घेतला गेला. बंडाचे लोण सावंतवाडीकडच्या मनोहर-मनसंतोष गडांपर्यंत पोहोचले होते. सगळे शांत झाल्यावर इंग्रजांनी ठरवले, की या गडांचा पुन्हा आसरा घेता येऊ नये, म्हणून तट आणि दरवाजे निकामी करायचे. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्यातच गेला. आज तिथे पाटी आणि पायाचे अवशेष यांखेरीज पाहण्यासारखे काही नाही, तर तीन दरवाजा मात्र नक्षीसकट उभा आहे.

देवळाला काही झाले नाही याचे कारणही आता उघड आहे. पाडणाऱ्यांना भीती तटाची होती, भैरवनाथाची नव्हती.

करवीर पेठ

माहिती मोलाची आहे, पण एक शंका आहे. हे गड शिवछत्रपतींच्या पराक्रमाचे आहेत. त्यांची ओळख इंग्रजांनी केलेल्या पाडापाडीवरून करून द्यायची, हे मनाला रुचत नाही. शिवाय गडकऱ्यांचे बंड हे स्वातंत्र्यासाठी होते, की स्वतःच्या वतनासाठी?

मोडीवाचक

दुसरा प्रश्न पुस्तकी आहे, असे मला वाटते आणि हे मी आदरानेच म्हणतो. ज्या माणसाची जमीन गडामुळे होती आणि ज्याचा गड जमिनीमुळे टिकून होता, त्याला ‘तू देशासाठी लढलास की शेतासाठी’ असे विचारले, तर प्रश्नच कळणार नाही. पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणतो, की शिवकाळात बांधलेले आणि दुरुस्त केलेले बुरूज पुढे १७० वर्षे कुणी राखले, हे सांगितल्याशिवाय शिवकाळाची गोष्टही अर्धीच राहते.

जांभा

व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे दगडाविषयी दोन शब्द लिहितो.

सामानगडावर गेलात तर तटापेक्षा विहिरींपाशी जास्त वेळ थांबा. गडाचा माथा जांभ्याचा आहे. जांभा जमिनीतून काढताना ओलसर आणि बराच मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज पाडता येतात आणि हवा लागली की तोच दगड कठीण होत जातो. गड बांधणाऱ्यांनी या गुणाचा दुहेरी उपयोग केला. तटासाठी चिरे काढायचे आणि चिरे काढून जो खड्डा उरेल, त्यालाच पायऱ्या आणि कमानी देऊन विहीर करायची. बाहेरून दगड वाहून आणण्याचा खर्च वाचतो आणि वेढा पडला तर पाणीही हाताशी असते. सात कमान विहीर ही त्यातली सर्वांत देखणी. तिच्या पायऱ्या उतरताना एकामागून एक कमान डोक्यावरून जाते आणि खाली पोहोचेपर्यंत उन्हाचा मागमूस राहत नाही. ती बांधलेली नाही, कोरलेली आहे, हे खाली उतरल्यावर भिंतीला हात लावूनच नीट कळते. सांधा कुठेच सापडत नाही.

गडाचे नाव ‘सामान’ या शब्दावरून पडले, अशी समजूत आहे. आकाराने लहान, पण रसद-पाण्याने भरलेला, असा त्याचा लौकिक होता. विहिरी पाहिल्या की तो लौकिक खरा वाटतो.

चंदगडी काजू

पारगडाविषयी बरेच गैरसमज असतात, म्हणून सांगतो. ‘तीनशेसाठ पायऱ्या चढाव्या लागतात’ असे सांगून लोक वयस्कर मंडळींना घरी ठेवतात. पायऱ्या आहेत आणि त्या चढाव्यात अशाच आहेत, पण आता मोटारीचा रस्ता थेट गडावर जातो. चंदगडपासून सुमारे ३० किलोमीटर धरा. शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणांचा आहे, भ्रमणध्वनीचा भरवसा धरू नका.

हा गड १६७६ मध्ये गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी महाराजांनी वसवला आणि तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांना तिथे किल्लेदार नेमले. चंद्र-सूर्य असेपर्यंत गड जागता ठेवा, अशी महाराजांची आज्ञा होती, असे गडावरची माणसे आजही सांगतात. मालुसऱ्यांसह त्या वेळच्या मावळ्यांचे वंशज अजून वर राहतात. इतर ठिकाणी गड आहे आणि माणसे नाहीत, पण इथे उलट गोष्ट आहे. तटाची पडझड झाली आहे आणि गाव मात्र जागचे हललेले नाही. भवानीच्या मंदिरात जरूर जा. सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणाकडे पाहायला मंदिराच्या मागे गेलात तर मुलीचा हात धरून ठेवा.

वेळ उरला तर आमच्या तालुक्यात गंधर्वगड आणि महिपालगड हेही गावासकटचे किल्ले आहेत. मोटार गावात जाते आणि गाव किल्ल्यात आहे.

संध्यामठ

मंडळी, सहल पार पडली. सर्वांचे आभार मानून वृत्तांत लिहितो. थोडा लांबेल.

शनिवारी सव्वासहाला घर सोडले. अमावास्या टाळली होती, त्यामुळे मुदाळ तिट्ट्याला चहा घेऊनही नवाच्या सुमारास भुदरगडाखाली पोहोचलो. वेदगंगेच्या खोऱ्यावर धुके होते आणि उसाच्या तुऱ्यांवर ते कापसासारखे अडकून राहिले होते. पेठशिवापुरातून वर जाताना मुलीने विचारले, की गडाखालच्या गावाला ‘पेठ’ का म्हणतात. मोडीवाचकांनी लिहिलेला गड, गाव आणि शेती यांचा संसार तिला मी मोटारीतच समजावून सांगितला. नेहमी कानाला इयरफोन लावून बसणारी मुलगी वरपर्यंत ऐकत राहिली, हा या सहलीचा मला अनपेक्षित लाभ.

आई भैरवनाथाच्या सभामंडपात बसली आणि आम्ही तिघे तटाच्या कडेने फिरलो. दूधसागर तळ्याचे पाणी खरोखरच ताकासारखे पांढुरके दिसते. पडक्या तटाकडे पाहण्याची माझी नजर या वेळी निराळी होती. गेल्या वर्षी ज्याला मी ‘दुर्लक्ष’ म्हणालो होतो, त्यात या वेळी मला शिक्षा दिसली. दुर्लक्षही आहेच, ते नाकारत नाही. तटावर वाढलेली झुडपे १८४४ मध्ये कुणी लावली नव्हती.

उतरताना गारगोटीत कचेरीपाशी थांबलो. १३ डिसेंबर १९४२ रोजी तिथल्या खजिन्यावर हल्ला करताना सात क्रांतिकारक हुतात्मे झाले, हे मला शाळेत शिकवले होते, पण ती जागा मी वयाच्या ४६ व्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. एकाच तालुक्यात दोन बंडे आणि दोन्हींच्या मध्ये ९८ वर्षे. गंमत म्हणजे या रस्त्याने रोज जाणारे लोक त्या इमारतीकडे दाखला काढण्याची जागा म्हणूनच पाहतात.

सामानगडावर चार वाजता पोहोचलो. हिरण्यकेशीताई, तुमचा सल्ला मोलाचा ठरला. सात कमान विहिरीच्या तोंडाशी आईला बसवून मी आणि मुलगी खाली उतरलो. जांभा यांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीवर हात फिरवून सांधा शोधला आणि तो सापडला नाही. खाली इतकी शांतता होती, की वरून आईने ‘पुरे आता’ म्हटलेले स्पष्ट ऐकू आले. याच गडावरच्या माणसांनी दरवाजे लावून घेतले, तेव्हा पाण्याचा भरवसा त्यांच्या निर्णयामागे नक्कीच असणार, असे तिथे उभे असताना वाटून गेले. तोफखान्यापुढे विहिरीचा काय उपयोग, हा पुढचा विचार मी मुलीपुढे बोललो नाही.

गडहिंग्लजच्या मुक्कामात आरक्षण करूनही खोली एकच मिळाली आणि चौघे दोन खाटांवर झोपलो, एवढे नमूद करून पुढे जातो.

रविवारी सकाळी नेसरीच्या खिंडीत थांबलो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर इथे चालून गेले. ही कथा पाठ असते, पण जागा पाहिल्यावर तिचा आकार कळतो. खिंड फार मोठी नाही. सात घोडे त्यात सहज मावतात आणि फौज मावत नाही.

पारगडाच्या शेवटच्या टप्प्यात समोरून गाडी आली. निवृत्त चालक काकांचा नियम पाळायचा तर चढणारे आम्ही होतो आणि उतरणाऱ्याने थांबायला हवे होते, पण समोर एस.टी. होती. नियम बाजूला ठेवून मी शंभरएक फूट मागे गेलो. क्लच जळल्याचा वास आला आणि दहा मिनिटे बॉनेट उघडून उभे राहावे लागले. त्या एस.टी.च्या चालकाने जाताना हात जोडले, त्यामुळे राग धरायला जागा राहिली नाही.

गडावर एका आजींनी आईला ओसरीवर बसवून घेतले. त्या दोघींचे बोलणे गुडघ्यांपासून सुरू झाले आणि पोरांच्या नोकऱ्यांवर गेले. आजींची मुले गोव्यात आणि बेळगावात आहेत, सणाला येतात. ‘गड सोडून जायला कुणी अडवलंय होय, पण दिवा कुणी लावायचा?’ असे त्या म्हणाल्या आणि उठून आमच्यासाठी नाचणीची भाकरी थापू लागल्या. पत्नीने पैसे देऊ केले तेव्हा त्यांना वाईट वाटले. शेवटी देवीच्या पेटीत टाकले.

परतताना आजऱ्याजवळ रामतीर्थाला हिरण्यकेशीच्या धबधब्यापाशी अर्धा तास बसलो, बाजारातून घनसाळ तांदूळ घेतला आणि अंधार पडायच्या आत महामार्गाला लागलो. मोटारीच्या मीटरवर एकूण ३८० किलोमीटरच्या आसपास भरले.

करवीर पेठ

वृत्तांत वाचून माझा आधीचा आक्षेप मी निम्मा मागे घेतो. उरलेला निम्मा पन्हाळ्यावर भेटून बोलू. महिपालगड का वगळला?

संध्यामठ

वेळ नव्हता. शिवाय आईला देवरवाडीच्या वैजनाथाचेही दर्शन घ्यायचे आहे आणि ते महिपालगडाच्या पायथ्याशीच असल्यामुळे ती फेरी बेळगावकडून वेगळी करणार आहोत.

पन्हाळ्याला मात्र आम्ही लगेच पुढच्या रविवारी गेलो, तेही मुलीच्या हट्टामुळे. आजवर तिथे पोहोचल्यावर आम्ही थेट पुढे जाऊन मोटार लावत होतो आणि तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी असे पाहत होतो. २०२१ च्या पावसाळ्यात तो रस्ता खचला तेव्हा बातम्यांत ‘चार दरवाजाजवळ’ हे शब्द रोज वाचले, पण तिथे दरवाजा कुठे आहे, असा प्रश्न घरातल्या कुणालाही पडला नव्हता. या वेळी मोटार अलीकडेच लावून चालत गेलो. २०२५ च्या जुलैत या गडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून गर्दी वाढली आहे. वीस मिनिटांत तिथून निदान चाळीस मोटारी गेल्या. एकही थांबली नाही.

निवृत्त चालक

थांबायला तिथे जागाच नाही, साहेब. वळण आहे. मोटार खाली नाक्यापाशी लावा आणि चालत या, हे नवीन येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. आणि क्लच एकदा दाखवून घ्या.